बाराव्या चौकटीसाठी भोकरवाडीला

लोणावळ्याहून परत आले त्या संध्याकाळी शेजारच्या चार घरांतून एकच प्रश्न आला, "चिक्की आणली का?" आणली नाही. विसरले. पाच दिवस लोणावळ्यात राहून चिक्की न आणणारी बाई आमच्या गल्लीत तरी मी पहिलीच, त्यामुळे तिथं नेमकं केलं काय हे सांगणं भाग पडलं. चार घरी चारदा सांगून घसा बसला, म्हणून आता लिहूनच काढते. ज्यांनी लोणावळं पाहिलं नाही त्यांनी वाचावं, आणि ज्यांनी फक्त धबधब्याखाली उभं राहून पाहिलं त्यांनी तर जरूर वाचावं.

मी सोलापूरची. एसटीच्या डेपोत उभा जन्म कारकुनी केली आणि निवृत्त झाले. माझी थोरली मावशी, कुसुममावशी, तरुणपणी नोकरीसाठी लोणावळ्याला गेली ती तिथलीच झाली. लग्न केलं नाही. एका शाळेत आधी शिक्षिका, मग मुख्याध्यापिका. आमच्या घरात तिच्याबद्दल बोलताना आवाज जरा खाली यायचा, कारण ती विक्षिप्त आहे असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. दर पावसाळ्यात तिचं पत्र यायचं, "एकदा भर पावसात ये." मी दरवेळी मनात म्हणायची, भर पावसात कोण कुठं जातं? दोन वर्षांपूर्वी ती गेली. मी एकदाही गेले नव्हते. ही गोष्ट मला बोचत होती आणि अजूनही थोडी बोचते.

मग जुलैत पत्र आलं. लोणावळ्यात एका वाचनालयाची नवी इमारत होते आहे, तिच्या दालनात गाव घडवणाऱ्या बारा माणसांच्या तसबिरी लागणार आहेत. अकरा ठरल्या. बाराव्या चौकटीसाठी कुसुममावशीचं नाव कुणीतरी सुचवलं आहे. तरी जवळच्या नातेवाइकाने फोटो घेऊन यावं, आणि नात्यात नसलेले, त्यांना ओळखणारे तीन साक्षीदार शनिवारी सकाळी अकरा वाजता समितीसमोर उभे करावेत. नपेक्षा दुसऱ्या नावाचा विचार होईल. हे 'नपेक्षा' वाचलं आणि मी बॅग भरली.

बुधवार, वाचनालय

गाडीतून उतरले तेव्हा स्टेशनचं नाव दिसेना. धुकं असं की पाटी वाचायला पाटीखाली जावं लागलं. बाहेर पाय टाकला आणि माझी छत्री उलटी झाली. आमच्याकडे पाऊस आला की माणसं दारात येऊन उभी राहतात, भजी तळतात, एकमेकांना फोन करून सांगतात. इथं कुणी मान वर करून बघत नव्हतं. भाजीवाली प्लॅस्टिकचा कागद डोक्यावरून घेऊन निवांत मेथी निवडत होती. मीच एकटी उलट्या छत्रीशी झोंबत होते आणि ती माझ्याकडे दयेने बघत होती.

वाचनालयात समिती भेटली. समिती म्हणजे दोन माणसं. एक अध्यक्ष, अभ्यंकर सर, निवृत्त मुख्याध्यापक, इस्त्रीचा पांढरा शर्ट, नाकासमोर चालणारा माणूस. दुसरे उस्मानभाई तांबोळी, बाजारात त्यांचं हार्डवेअरचं दुकान. सरांनी मला अकरा चौकटी दाखवल्या. गावात नळाचं पाणी आणण्यासाठी भांडलेले एक जण होते, साथीच्या दिवसांत गाव न सोडणारे डॉक्टर होते, घाटात गाडी चढवण्यात हयात गेलेले इंजिनड्रायव्हर होते. सगळे पुरुष, आणि बहुतेकांच्या मिशा भारदस्त. बारावी चौकट रिकामी होती. तिच्यासाठी दुसरं नाव होतं एका बंगलेवाल्या शेठचं, ज्यांनी बागेला घड्याळ दिलं.

"चालू आहे का घड्याळ?" मी विचारलं.

"बंद आहे," उस्मानभाई म्हणाले.

सरांनी तिकडं लक्ष दिलं नाही. "हे पाहा बाई, तुमच्या मावशींबद्दल मला आदर आहे," ते म्हणाले. "त्यांच्या शेजारच्याच शाळेत मी मुख्याध्यापक होतो. पण गाव घडवायला काहीतरी उभं करावं लागतं. त्यांनी काय केलं? सुट्ट्या दिल्या. दर पावसाळ्यात ऐन अभ्यासाच्या दिवसांत आठ-दहा दिवस शाळा बंद, आणि दिवाळीच्या सुट्टीत शाळा चालू. वरून विचारणा आली तरी बाई ऐकायच्या नाहीत. माझी शाळा पावसाळ्यात एक दिवस बंद राहिली नाही."

मला हे काहीच माहीत नव्हतं. पत्रात मावशी हवापाणी आणि माझ्या गुडघ्यांबद्दलच लिहायची. मी विचारलं, कशासाठी द्यायच्या त्या सुट्टी? सर म्हणाले, "ते साक्षीदारांकडून ऐकू. शनिवारी अकरा वाजता." आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

गुरुवार, तीन बंद दारं

मावशी गेल्यावर सोलापूरला आलेल्या तिच्या सामानात मला तीन नावं सापडली होती, विद्यार्थिनींची. सुनंदा, रेल्वेत तिकीटखिडकीवर. लता, एका दवाखान्यात सिस्टर. शेवंता, बाजाराच्या मागं तिची खाणावळ. तिघी गावातच, तिघी नोकरी-धंद्याच्या. मी मनात म्हटलं, दुपारपर्यंत काम फत्ते, संध्याकाळी मस्त भजी.

तिकीटखिडकीवर एक तरुण होता. "सुनंदा मॅडम रजेवर आहेत."

दवाखान्यात गेले. "लता सिस्टर रजेवर आहेत."

खाणावळीला तर कुलूपच. दारावर खडूने लिहिलेलं, 'लावणीमुळे बंद'. खाली कंसात, 'पाऊस बघून उघडू.' मी तीस वर्षं एसटीत काढली आहेत, रजेचे अर्ज नाना तऱ्हेचे वाचले आहेत. पण पावसाच्या भरवशावर उघडणारी खाणावळ पहिल्यांदाच पाहत होते. भूक लागली होती म्हणून जास्तच राग आला.

तशीच भिजत उस्मानभाईंच्या दुकानात गेले. त्यांनी स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि माझी छत्री हातात घेऊन तिच्या काड्या सरळ करू लागले. मी तक्रार सांगितली. ते हसले.

"बाई, भाताची लावणी सुरू आहे. या आठवड्यात लोणावळ्यात तुम्हाला फक्त पर्यटक भेटतील. त्या तिघी एकाच वाडीच्या, भोकरवाडीच्या. मळवली स्टेशनला उतरायचं, पुढं तासभर चाल. नोकरी कुठंही असो, लावणीला वाडीवर जायचंच. सावड असते ना."

सावड म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं. मजूर लावायचे नाहीत. आज साऱ्या वाडीनं मिळून एका घराचं रान लावायचं, उद्या दुसऱ्याचं, परवा तिसऱ्याचं. तुमच्या रानात जितके हात आले तितके तुम्ही फेडायचे. पाळी ठरली की ठरली. कुणी एक दिवस दांडी मारली तर पुढच्या सगळ्यांचं गणित कोलमडतं, म्हणून कुणी मारत नाही. आमच्याकडे ज्वारीच्या काढणीला असं थोडंफार चालायचं, आता यंत्र येतं आणि आपण बांधावर फोटो काढतो.

"आणि पूर्वी शाळेतल्या मुलींनाही जावं लागायचं," उस्मानभाई म्हणाले. "आठ-दहा दिवस गैरहजर राहिलं की नाव कापलं जायचं. एकदा कापलं की ती पोरगी परत यायची नाही. बाईंनी काय केलं, तेवढे दिवस शाळाच बंद ठेवली. शाळाच बंद म्हटल्यावर गैरहजर कोण? वर साहेबांना दर वर्षी पत्र लिहायच्या, सुट्ट्या ठरवण्याआधी वाड्यांना विचारा म्हणून. माझी बायको त्यांच्याच हाताखाली शिकली. पण मी समितीत, त्यामुळे आमच्या घरातली साक्ष चालत नाही."

छत्री दुरुस्त करून त्यांनी माझ्या हातात दिली. माझ्या चपलांकडे पाहून म्हणाले, "या घालून जाऊ नका." मी ऐकलं नाही. सोलापूरच्या माणसाला चिखलाबद्दल कुणी सांगितलेलं खरं वाटत नाही.

शुक्रवार, भोकरवाडी

मळवलीला उतरून एका सहाआसनी रिक्षाने अर्धा रस्ता काटला, उरलेला पायी. तो रस्ता मी जन्मात विसरणार नाही. दोन्ही बाजूंना डोंगर, डोंगरांवरून इतके झरे खाली येत होते की मोजायचा नाद सोडून दिला. मध्ये पायऱ्यापायऱ्यांची भाताची खाचरं, काही तांबड्या पाण्याने भरलेली, काही नुकती लावलेली, कोवळी पोपटी. धुकं सरकलं की वर एखादा किल्ला दिसायचा, पुन्हा गडप. आमच्या मुलुखात डोळ्याला एवढं हिरवं बघायची सवय नाही. मला दोनदा उगीचच हसू आलं, एकटीच असताना.

वाडीत कुणी नव्हतं. सगळी घरं उघडी आणि रिकामी. एका ओट्यावर कोंबड्या होत्या, त्यांनी काही सांगितलं नाही. मग खालच्या अंगाने बायकांचा गलका ऐकू आला. तिकडं गेले तर एका मोठ्या खाचरात पंचवीस-तीस बाया ओळीने वाकलेल्या, पाठीवर प्लॅस्टिकचे कागद, डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या अंगठ्याने दोन-तीन काड्या चिखलात दाबत एकेक पाऊल मागं सरकणाऱ्या. पुरुष पलीकडून रोपं उपटून आणून टाकत होते.

मी बांधावरून ओरडले, "सुनंदाताई कोण? मी कुसुमबाईंची भाची, सोलापूरहून आले."

सगळ्या एकदम सरळ झाल्या. तीस तोंडं माझ्याकडे वळली. मधली एक साठीच्या पुढची, काटक, डोळे बारीक. तिचं नाव हौसाबाई, वाडीत तिचा शब्द चालतो हे नंतर कळलं. ती म्हणाली, "बाईंची भाची? मंग तितं बांधावर काय करतीस, माय? बांधावर हुभं राहून बोलायची रीत न्हाई हितं. खाली उतर."

"मला फक्त दोन मिनिटं बोलायचंय."

"बोल की. वाकून बोल. लावता लावता समदं ऐकू येतं."

मी उतरले. पहिल्याच पावलाला डावी चप्पल चिखलाने गिळली. ती काढायला वाकले तर उजवी गेली. तिसऱ्या पावलाला मी स्वतः बसले, कंबरेपर्यंत. अशा वेळी सोलापुरात लोक आधी हसतात आणि मग उचलतात. इथंही तसंच झालं. तेवढ्यात पायाच्या बोटाला काहीतरी चावलं. शेवंतानं, खाणावळवालीनं, हात घालून टपोरा खेकडा काढला आणि माझं सांत्वन म्हणून सांगितलं, "हा आता तुमचा. दुपारच्याला रस्सा करू."

म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा भात लावला. माझी ओळ सापासारखी वाकडी होती, शेजारची सुनंदा गुपचूप ती सरळ करत होती. सुनंदा तिकीटखिडकीवरची, आणि मावशीचं नाव सुचवणारीही तीच. पलीकडे लता सिस्टर, पदर खोचून. त्यांच्या पुढं एक बँकेत कॅशियर, एक ग्रामसेविका, एक दोन दुकानांची मालकीण. ज्यांना मी काल गावभर शोधत होते त्या सगळ्या एकाच खाचरात. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

दुपारी बांधावर जेवण. तांदळाची भाकरी, इतकी मऊ की आमच्या कडक भाकरीची आठवण होऊन मला थोडं वाईट वाटलं. कुर्डूची पालेभाजी, इंद्रायणीचा चिकट वाफाळता भात आणि खेकड्यांचा रस्सा. त्यात माझा शत्रूही होता. मी डब्यातली शेंगाचटणी काढली, ती एका वाटीतून फिरत फिरत तिसाव्या बाईपर्यंत पोचेना. सोलापूरची मान तिथं उंच झाली.

जेवताना मी काम सांगितलं. उद्या अकरा वाजता, वाचनालय, तिघींनी यायचं. तिघी हौसाबाईंकडे बघू लागल्या.

"उद्या माझ्या रानाची पाळी हाय," हौसाबाई म्हणाल्या.

"तिघींचाच प्रश्न आहे. दोन तासांचा."

"जायचं, यायचं, आर्धा दीस गेला. रोपं आजच उपटून ठेवल्यात, ती थांबत न्हाईत. आन् उद्या या तिघी गेल्या तर परवाच्याला आणिक कोन जाईल. सावड अशी मोडती."

मला राग आला, खरंच आला. मी म्हणाले, "ज्या बाईनं तुमच्यासाठी एवढं केलं तिच्यासाठी तुम्हाला अर्धा दिवस काढवत नाही? चौकट त्या बंद घड्याळवाल्या शेठला जाईल." बोलून गेल्यावर लाज वाटली. मी तरी तिच्यासाठी कधी अर्धा दिवस काढला होता?

 सुनंदाचे डोळे भरले होते. तीच हळूच म्हणाली, "ताई, आम्ही लावणी सोडून आलो असतो तर बाईच आम्हाला ओरडल्या असत्या. त्या दर वर्षी सांगायच्या, आधी घरचं रान उरका, मग ताठ मानेनं वर्गात या."

मी पुन्हा चिखलात उतरले. वाकून लावता लावता खरंच डोकं चांगलं चालतं. चार-पाच ओळी झाल्यावर मला कळलं की आपण उलटा विचार करतोय. मावशीनं मुलींना रानातून ओढून शाळेत आणलं नव्हतं, शाळेला रानाप्रमाणे वागायला लावलं होतं. मग समितीलाच का नाही रानात आणायचं?

वाडीत फोन फक्त देवळाच्या चौथऱ्यावर लागतो. तिथून उस्मानभाईंना सांगितलं.  मग ते म्हणाले, "साक्ष समितीसमोर व्हावी असा नियम आहे. समितीनं कुठं बसावं असा नियम काही आम्ही केलेला नाही. पण सर येतील याची खात्री देत नाही. मी घरी जाऊन बसतो त्यांच्या." त्या दिवशी मी हौसाबाईंच्या घरी राहिले. अंग असं दुखत होतं की कूस बदलायला दोन्ही हातांची मदत लागली.

शनिवार, हौसाबाईंचं खाचर

अकरा वाजले. कुणी नाही. शनिवार म्हणजे सगळ्या मुंबई-पुण्याच्या गाड्या लोणावळ्यात येऊन अडकण्याचा दिवस, त्यामुळे मी आशा सोडायला सुरुवात केली. साडेअकरा झाले. माझ्या ओळीत मी तीन काड्यांऐवजी आठ काड्या दाबत होते. शेवंता म्हणाली, "ताई, रोपावर राग नगा काढू."

बाराच्या सुमाराला वळणावर दोन छत्र्या दिसल्या. पुढं उस्मानभाई, मागं अभ्यंकर सर. पांढरा शर्ट इस्त्रीचाच, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बूट हातात. काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल. सरांना या अवतारात त्यांच्या विद्यार्थ्यांनी ओळखलं नसतं. पण आले होते, आणि लोकल पकडून, चालत आले होते. हे मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवते.

सर बांधावर उभे राहिले आणि घसा खाकरून म्हणाले, "साक्षीदार क्रमांक एक."

कुणी सरळ झालं नाही. रोपं दाबल्याचा चुबुक चुबुक आवाज तेवढा येत राहिला. मी सरांना म्हणाले, "सर, इथं बांधावर उभं राहून बोलत नाहीत." उस्मानभाई तोवर उतरलेही होते. सरांनी आभाळाकडे पाहिलं, बूट बांधावर ठेवले, आणि उतरले. दोघींनी दोन दंड धरले म्हणून ते माझ्यासारखे बसले नाहीत.

सुनंदानं सांगितलं, लतानं सांगितलं, शेवंतानं सांगितलं. तिघींची साक्ष थोडक्यात एकच, लावणीची सुट्टी नसती तर आम्ही सातवीच्या पुढं गेलो नसतो. सर मान डोलवत होते, पण वकिलाने डोलवावी तशी. शेवटी म्हणाले, "हे तिघींचं झालं. तिघींचं भलं होणं आणि गाव घडणं यांत फरक आहे."

माझं तोंड उघडणार तेवढ्यात हौसाबाई सरळ झाल्या. "मलाबी बोलायचं हाय. माझं बाईंनी भलं न्हाई केलं," त्या म्हणाल्या. "माझं नाव बाईंनी कापलं."

 सरांची मान वर आली.

"म्या वाडीतली पयली पोर, लोकलनं लोणावळ्याच्या शाळंत जानारी. सातवीला व्हते. लावणी आली, आठ दीस गेलेच न्हाई. नवव्या दिवशी गेले तर हजेरीत नाव न्हाई. बाई हेडबाई म्हून नवीन व्हत्या, नियमानं कापलं. म्या काय बोलले न्हाई, दप्तर घेतलं आन् आले. म्हैन्याभरानं बाई वाडीत आल्या, चालत. पोरगी का येत न्हाई म्हून बघाया. तवा उशिराचं रान चाललं व्हतं. म्या हितंच व्हते, ह्याच खाचरात. बाई बांधावर हुभ्या राहिल्या. माझ्या आईनं सांगितलं, खाली उतरा."

"मग?" सरांनी विचारलं.

"मंग उतरल्या. दीसभर लावलं. साडीचा पार चिखल. जाताना माझ्या आईला म्हनल्या, चूक माझी हाय, पोरीला धाडा. पर माझं लगीन ठरलं व्हतं, ह्याच वाडीत. आईनं न्हाई धाडलं." हौसाबाईंनी हातातली जुडी दुसऱ्या हातात घेतली. "फुडच्या वर्साला लावणी आली तवा शाळाच बंद. माझी धाकली भन शिकली, जावा शिकल्या, माझ्या तिन्ही लेकी शिकल्या. बाई रिटायर हुईस्तोवर दर साली येक दीस माझ्या रानात लावाया यायच्या. कवाच काय बोलल्या न्हाईत त्या दिवसाचं. नुसत्या लावायच्या."

मी रडत होते, आणि चिखलाच्या हातांनी डोळे पुसता येत नव्हते. दर पावसाळ्यातलं ते पत्र मला तेव्हा कळलं. ती मला धबधबे बघायला बोलावत नव्हती. तिला मला या खाचरात आणायचं होतं.

 अभ्यंकर सर म्हणाले, आणि आवाज अध्यक्षांचा राहिला नव्हता, "भोकरवाडीची मुलं माझ्याही शाळेत होती."

"व्हती ना सर," हौसाबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "टिकली न्हाईत."

सर फाइल उघडायला गेले, पण पिशवीत पाणी शिरून कागद एकमेकांना चिकटले होते. त्यांनी ती मिटून उस्मानभाईंकडे दिली. मग वर्गात विचारावं तसं, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "लावणीच्या सुट्टीमुळे ज्यांची शाळा सुटली नाही, त्यांनी हात वर करा."

सगळ्या सरळ झाल्या. आणि हात वर गेले, रोपांच्या जुड्यांसकट. तिकीटखिडकी, दवाखाना, बँक, ग्रामपंचायत, खाणावळ, दुकानं. अर्धं लोणावळं रोज सकाळी ज्यांच्या हातांनी चालू होतं ते हात त्या पावसात वर होते आणि कोपरांवरून चिखल गळत होता. पुरुषांच्या बाजूनेही हात होते, हे मी आधी पाहिलंच नव्हतं. सर बोटाने मोजू लागले. मोजता मोजता मधेच थांबले आणि बोट खाली घेतलं.

"उस्मानभाई," ते म्हणाले, "बाराव्या चौकटीत नाव लिहून घ्या."

गलका झाला तो पलीकडच्या वाडीत ऐकू गेला असणार. शेवंतानं मला मिठी मारली आणि आम्ही दोघी पुन्हा कंबरेपर्यंत बसलो, या वेळी मला काहीच चावलं नाही. लतानं गाणं धरलं, बाकीच्यांनी ते उचललं, आणि ओळ पुन्हा मागं मागं सरकू लागली. मी अशी जिंकल्यासारखी आयुष्यात दोनदाच वावरले असेन, आणि दुसरी वेळ ही. पहिली विचारू नका, ती डेपोतल्या बदलीची आहे.

सरांना सोडायला आम्ही बांधापर्यंत गेलो. ते पाय धुऊन बूट घालत होते. जाता जाता म्हणाले, "सोळा तारखेला उद्घाटन आहे. तुम्ही सगळ्यांनी यायचं. पुढच्या रांगेत बसायचं."

 बाया एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी हौसाबाईंनी सांगितलं, "सोळाला शेवंताचं रान हाय, सर."

सरांनी दुसरा बूट हातातच धरला. पाहुणे ठरलेले होते, पत्रिका छापायला गेल्या होत्या, हे मला उस्मानभाईंच्या चेहऱ्यावरून समजत होतं. सरांनी त्या खाचराकडे पाहिलं. अर्धं लावून झालेलं, अर्धं राहिलेलं.

"मग तुम्हीच सांगा," ते म्हणाले. "लावणी कधी उरकते तुमची?"

कुसुममावशीनं नोकरीभर वरच्या प्रत्येक साहेबाला पत्रं लिहिली होती, ती या एका प्रश्नासाठी.